फुकटचा उजवा सेट आणि कोथरूडचा डावरा

पत्र असं आहे:

"ताई नमस्कार. वय ४३, पुण्यात आयटीत आहे, उंची पाच फूट सहा इंच, कंबर अधूनमधून धरते. ऑफिसातल्या एकाच्या नादाने दीड महिन्यापूर्वी गोल्फच्या रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, गेलो आणि आता दर शनिवार-रविवार जातोय. लिहिणं-जेवणं उजव्या हाताने, पण गल्ली क्रिकेटपासून बॅटिंग कायम डावी. रेंजवरचे भाड्याचे क्लब (गोल्फच्या काठ्या) सगळे उजवे म्हणून उजव्यानेच मारतोय, निम्मे बॉल जमिनीवरून सरपटत जातात. तिथले शिकवणारे प्रो म्हणाले तुम्ही डाव्याने खेळून बघा. पण माझे बॉस त्यांचा जुना सेट मला फुकट देतायत, जपानी, फोर्ज्ड ब्लेड, स्टिफ शाफ्ट, म्हणतात आयुष्यभर पुरेल. शिवाय मावसभाऊ दिवाळीला न्यू जर्सीहून येतोय, तो म्हणतो १४ क्लबचा पूर्ण सेट आणतो, एकदाच काय ते घेऊन टाक. बायको म्हणते ट्रेडमिलचं झालं तेच होणार, तिच्यावर सध्या टॉवेल वाळतात. पण परवा हळूच म्हणाली मलाही एकदा मारून बघायचंय. बजेट फार तर ४० हजार. काय घेऊ? - गोंधळलेला, कोथरूड"

दादा, आधी ट्रेडमिलचं बोलू. आमच्याकडेही आहे, तिच्यावर इस्त्रीला द्यायचे कपडे असतात, त्यामुळे वहिनींना मी अजिबात हसणार नाही, उलट तुमच्या अख्ख्या पत्रातलं सगळ्यात शहाणं वाक्य त्यांचंच आहे. बॉस आणि मावसभाऊ दोघंही चांगल्या मनानेच सांगतायत, पण ते दोघं ज्या स्विंगसाठी क्लब निवडतायत ना तो स्विंग तुमच्यात अजून जन्मालाच आलेला नाही. दीड महिन्यात कोणाचाच येत नाही. बाळ व्हायच्या आधी शाळेचा युनिफॉर्म शिवून ठेवण्यासारखं आहे ते.

आता मी कोण सांगणारी. आमचे हे फौजेत होते, देवळालीला पोस्टिंग असताना दुपारी करायला काही नसायचं म्हणून ३१ व्या वर्षी मी पहिल्यांदा क्लब धरला, आता ५७ वय आहे आणि हँडिकॅप (हा आकडा जितका कमी तितका खेळ चांगला) २२, म्हणजे काही फार ग्रेट खेळत नाही. पण चुकीचे क्लब घेण्यात मात्र माझा हात कोणी धरणार नाही.

तर पहिला प्रश्न हाताचा, तो सुटल्याशिवाय एक रुपया खर्च करू नका. क्रिकेटची बॅट डाव्याने घेतली काय नि उजव्याने घेतली काय, तीच बॅट. गोल्फचं तसं नाही, क्लबला तोंड एकाच बाजूने असतं, उजव्याचा क्लब डाव्याच्या काही कामाचा नाही (काही पटर, म्हणजे होलजवळ बॉल हळूच ढकलायचे क्लब, दोन्ही बाजूंनी चालतात पण तेवढंच). म्हणून इथे चूक झाली की ती अख्ख्या सेटची चूक होते.

तुमच्या प्रोंचं मला शंभर टक्के पटतं. त्यांना सांगा की दोन रविवार माझ्यासाठी एक डावा ७ नंबरचा आयर्न (लोखंडी पात्याचा क्लब) कुठून तरी पैदा करा, बहुतेक रेंजच्या कोपऱ्यात धूळ खात एखादा असतो, नाहीतर कुठल्या तरी डावऱ्या मेंबरचा मागता येतो. आणि मग एक बादली बॉल डाव्याने, एक उजव्याने. पहिले वीसेक बॉल दोन्हीकडून वाईटच जाणार, ते मोजूच नका. बॉल कुठे गेला हेही नका बघू. मारून झाल्यावर तुम्ही पुढच्या पायावर शांत उभे राहताय की धडपडताय, तेवढंच बघा. ज्या बाजूने न धडपडता उभे राहता ती तुमची बाजू. घरी करायचं असेल तर लांब दांड्याचा खराटा घ्या आणि डोळे मिटून अंगण झाडल्यासारखा जोरात फिरवा, अंग आपोआप सांगतं. तीस वर्षं डावी बॅटिंग केलेल्या माणसाचं अंग काय सांगणार ते मला आत्ताच माहितीये, पण तुमचं तुम्ही बघा.

लिहिता उजव्याने म्हणून उजवेच खेळायला पाहिजे असं काही नाही हो. आपला सचिन लिहितो डाव्या हाताने, बॅटिंग उजवी. अमेरिकेचा गोल्फर फिल मिकलसन बाकी सगळं उजव्या हाताने करतो, गोल्फ तेवढा डावा, कारण लहानपणी वडिलांच्या समोर उभं राहून आरशात बघावं तसं त्यांचा स्विंग बघून शिकला. तुम्ही म्हणाल मग गांगुलीचं काय, तो उजवा असून भावाचं सामान वापरता यावं म्हणून डावी बॅटिंग शिकला असं सांगतात ना, तसा मीही बॉसच्या सेटसाठी उजवा शिकतो. शिका की. पण तो तेव्हा पोरगा होता आणि तुम्ही ४३ चे आहात, कंबर धरते म्हणताय, आणि तीस वर्षांची सवय मोडायला जी मेहनत लागेल तेवढ्यात तुम्ही डाव्याने अठरा होल खेळायला लागाल.

यावरची माझी आवडती गोष्ट कॅनडाच्या माइक विअरची आहे. हा पण मूळचा उजवा, गोल्फ डावा. १३ वर्षांचा असताना त्याला कोणी ना कोणी सांगत राहायचं की बाबा उजव्याने खेळ, तर पोराने सरळ गोल्फमधला दिग्गज जॅक निकलसला पत्र टाकलं की मी बदलू का. निकलसने उत्तर पाठवलं की जे आपसूक येतंय तेच ठेव. २००३ साली विअर मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिंकला. मेजर (गोल्फच्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धांपैकी एक, मास्टर्स त्यातलीच) जिंकणारा पहिला डावा न्यूझीलंडचा बॉब चार्ल्स, १९६३ मध्ये. विअरनंतर मिकलसनने तीन आणि बुब्बा वॉटसनने दोन मास्टर्स घेतली, म्हणजे २००३ ते २०१४ या बारा वर्षांत सहा वेळा डावाच जिंकला. मी काही निकलस नाही पण पत्राला उत्तर तेच देतेय.

डावं खेळण्याचे त्रास आहेत, लपवत नाही. रेंजवर सगळे एका दिशेला तोंड करून उभे असतात आणि तुम्ही उलटे, शेजारच्या माणसाशी सतत नजरानजर होते, पहिल्यांदा फार ऑकवर्ड वाटतं, तेव्हा एका टोकाची जागा पकडा. दुकानात गेलात तर पंचवीस उजव्या सेटमागे एखादा डावा दिसेल, तोही दुकानदाराला कधीचा काढून टाकायचा असतो म्हणून तो तुमची उंची न विचारताच गुण गायला लागेल. सेकंड हॅण्ड तर आपल्याकडे डावं मिळणं म्हणजे लॉटरीच. त्यामुळे इतर कोणी असता तर मी सांगितलं असतं की पुण्यातच जुना सेट शोधा, तुमच्या बाबतीत मात्र मावसभावाचा खरा उपयोग आहे, त्यावर येते.

आधी बॉसचा सेट. हात बाजूला ठेवला, समजा तुम्ही उजवेच आहात, तरीही नको. ब्लेड म्हणजे मागून सपाट, पातळ, देखणं पातं असतं, सगळं वजन मधोमध. बॉल बरोब्बर मधे लागला तर लोण्यात सुरी गेल्यासारखं वाटतं, लोक त्यासाठीच घेतात. पण अर्धा इंच इकडेतिकडे लागला की बॉल मरतो आणि हाताला कोपरापर्यंत झिणझिण्या येतात, डिसेंबरच्या सकाळी तर डोळ्यांत पाणी. तुम्हाला पाहिजेत ते मागून पोखरलेले, कॅव्हिटी बॅक म्हणतात त्यांना, त्यात वजन मधून काढून कडेकडेला नेलेलं असतं, त्यामुळे कडेला लागलेला बॉल पण बऱ्यापैकी सरळ जातो, क्लब हातात कमी पिळवटतो.

हे ज्याच्यामुळे एवढं पसरलं तो माणूस तुम्हाला जवळचा वाटेल. कार्स्टन सोल्हाइम, नॉर्वेत जन्मलेला, अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये इंजिनिअर, आणि गोल्फ सुरू केला वयाच्या ४२ व्या वर्षी, तेही ऑफिसमधल्या लोकांच्या नादाने. पटिंग काही केल्या जमेना. तुमच्याआमच्यासारखा माणूस दुसरा पटर विकत आणतो, याने १९५९ मध्ये घरच्या गॅरेजमध्ये स्वतःच बनवला, वजन दोन्ही टोकांना ढकलून. बॉल लागला की पिंग असा आवाज यायचा म्हणून नाव पिंग, आणि पुढे तीच आयडिया आयर्नमध्ये आणली. आज रेंजवर दहातले नऊ लोक ज्या प्रकारचे आयर्न वापरतात ते एका चाळिशीतल्या नवशिक्याच्या वैतागातून आलेत. ते सोडून तुम्ही बॉसचे ब्लेड कशाला घेता.

आणि स्टिफ शाफ्ट. शाफ्ट म्हणजे क्लबचा दांडा, तो किती लवचिक त्याला फ्लेक्स म्हणतात, लेडीज, सीनियर, रेग्युलर, स्टिफ, एक्स्ट्रा स्टिफ असे प्रकार असतात, जितका जोरात स्विंग तितका कडक शाफ्ट. तुम्हाला रेग्युलर. यात मर्दानगीचा प्रश्न काही नाही, काही पुरुषांना सीनियर म्हटलं की राग येतो, आमच्या ह्यांना आला होता, आता गपचूप तेच वापरतात. माझं स्वतःचं सांगते, देवळालीत मी ह्यांचेच जुने क्लब वापरायचे, लांब होतात म्हणून एका मेकॅनिककडून दोन-दोन इंच कापून आणले. कोणी सांगितलंच नाही की शाफ्ट कापला की तो अजून कडक होतो आणि क्लबचा तोल बिघडतो. तीन वर्षं मी रेल्वेच्या रुळाने बॉल मारत होते आणि मला वाटायचं माझ्याच हातात जोर नाही.

कंबर धरते म्हणालात म्हणून आयर्नचेही शाफ्ट ग्रॅफाइट बघा. स्टीलपेक्षा हलके असतात आणि हादरा कमी पोचतो. थोडे महाग पडतात पण फिजिओपेक्षा स्वस्त. रेंजवर चटईवर मारताना तर फारच, चटईखाली काँक्रीट असतं आणि प्रत्येक चुकीचा फटका मनगटात जातो. (चटई अजून एक फसवणूक करते, बॉलच्या दोन इंच मागे मारलं तरी क्लब घसरून बॉल उडतो आणि वाटतं वा काय फटका, गवतावर तोच फटका मारला की ढेकूळ उडतं, बॉल जागच्या जागी. हे क्लबशी संबंधित नाही, पण सांगावंसं वाटलं.)

आता १४. चौदा ही गरज नाहीये, मर्यादा आहे. बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब ठेवता येतात असा नियम आहे, अमेरिकेत १९३८ साली आला, कारण त्याआधी लोक वीस-पंचवीस क्लब कॅडीच्या (बॅग उचलणाऱ्याच्या) खांद्यावर लादायला लागले होते. कमीत कमी किती यावर काही नियमच नाही. चिक इव्हान्स नावाच्या माणसाने १९१६ ची यूएस ओपन सात क्लबांनी जिंकली. सात! आणि इतकं लांब तरी कशाला जायचं, चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबच्या शेजारच्या वस्तीतली कॅडी पोरं बांधकामाची सळई वाकवून तिचा क्लब करतात आणि प्लास्टिकच्या बॉलने गल्ल्यांमधून, गटारांवरून खेळतात. त्यांच्या मनगटात जो टच असतो तो बघितला की आपल्या बॅगेची लाज वाटते.

नवशिक्याला १४ का नको याचं साधं कारण आहे. आयर्नचा एकेक नंबर बदलला की तोंडाचा कोन, ज्याला लॉफ्ट म्हणतात, साधारण चार-पाच अंशांनी बदलतो आणि शाफ्ट अर्धा इंच कमी-जास्त होतो, त्यातून चांगल्या खेळाडूला दहा-बारा यार्डांचा फरक मिळतो. तुम्हाला मिळणार नाही. तुमचा ७, ८ आणि ९ नंबर सध्या एकाच ठिकाणी बॉल टाकणार, कारण फरक क्लबमधून यायच्या आधी तुमच्या फटक्यातून येतोय, एक बरा लागतो, पुढचे दोन फसतात. मग तिन्ही घेऊन करायचं काय, उभ्या उभ्या कुठला काढू कुठला काढू करत बसायचं आणि मागचे लोक खोळंबून शिव्या घालणार.

म्हणून सात घ्या. मी सांगेन ते असे: एक ५ नंबरचा वुड (लांब फटक्यांचा, मोठ्या डोक्याचा), १८ अंशांच्या आसपासचा, एक ५ नंबरचा हायब्रिड (वुड आणि आयर्नच्या मधला), मग ७ आणि ९ आयर्न, पिचिंग वेज आणि सँड वेज (जवळून बॉल उंच उडवायला, सँड वाळूतून काढायलाही) आणि पटर. ३ आणि ४ नंबरचे लांब आयर्न कोणी फुकट दिले तरी घेऊ नका, त्यांचं काम हायब्रिड करतो आणि रफमधूनही, म्हणजे वाढलेल्या गवतातूनही, बॉल उचलतो. सँड वेज ५४ ते ५६ अंश. एक गंमत लक्षात ठेवा, क्लबवरच्या नंबरावर विश्वास ठेवायचा नाही, लॉफ्ट बघायचा. पूर्वीचा ७ नंबर ३४-३५ अंशांचा असायचा, आता बऱ्याच कंपन्यांचा २८ ते ३० चा असतो, म्हणजे जुना ५ नंबरच, वरती फक्त ७ लिहिलंय. लोकांना वाटतं नवीन क्लबने बॉल लांब गेला. त्यामुळेच हल्लीचा पिचिंग वेज ४३-४४ वर येऊन बसतो आणि तिथून सँड वेजपर्यंत मोठी फट पडते. ती फट पुढच्या वर्षी भरा, आत्ता तुम्हाला ती जाणवणारसुद्धा नाही.

ड्रायव्हर नाही का? नाही. मला माहितीये सगळ्यात जास्त तोच घ्यावासा वाटतो, तो मोठा डोक्याचा, टीवरून ढाण करून आवाज करणारा. पण तो बॅगेतला सगळ्यात लांब क्लब, ४५ इंचाच्या आसपास, आणि पटर सोडला तर लॉफ्ट सगळ्यात कमी, आणि लॉफ्ट जितका कमी तितका बॉल बाजूला जास्त वळतो. माझा पहिला ड्रायव्हर एका दुकानदाराने मला गळ्यात मारला होता, ९ अंशांचा आणि स्टिफ, बायकांसाठी! दोन वर्षं माझा बॉल उजवीकडच्या निलगिरीत जायचा आणि दुकानदाराला सांगितलं तर म्हणाला मॅडम स्विंग सुधारा. तुम्ही डावे म्हणजे तुमचा स्लाइस, म्हणजे असा बाहेर वळणारा फटका, डावीकडे जाईल, बाकी फरक काही नाही. सहा महिने ५ वुडने टी ऑफ करा, म्हणजे होलचा पहिला फटका मारा. प्रो म्हणाले की आता घ्या, तेव्हा १२ अंशांचा, अगदीच नाही तर साडेदहाचा, त्याच्या खाली जायचं नाही.

पटरला मात्र कमी लेखू नका. पार, म्हणजे अख्ख्या कोर्सला धरलेले फटके, ७२ असेल तर त्यातले ३६ फटके पटरचे धरलेले असतात, प्रत्येक होलला दोन. म्हणजे हिशोबाने निम्मा खेळ या एका क्लबचा, आणि लोक त्याच्यासाठी सगळ्यात कमी वेळ देतात. तुमच्या उंचीला ३३ किंवा ३४ इंचाचा पुरेल, बॉलच्या वर डोळे यायला पाहिजेत, एवढं बघा. घरी सतरंजीवर प्रॅक्टिस होते. होल सव्वाचार इंचाचं असतं, तुम्ही आडवं फुलपात्र ठेवून त्यात मारा, त्याचं तोंड लहान असतं, मग खरं होल घमेल्याएवढं वाटायला लागतं.

आता मावसभाऊ. त्याला म्हणा नवीन कोरा १४ चा सेट अजिबात नको. तिकडे वापरलेले क्लब विकणाऱ्या मोठ्या वेबसाइट आहेत, क्लब किती झिजलाय त्याची प्रत लिहून विकतात, आणि डाव्यांचा माल तिथे आपल्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. आयर्नची टेक्नॉलॉजी मोबाइलसारखी दरवर्षी बदलत नाही, कंपन्या कितीही काही म्हणोत, आठ-दहा वर्षांपूर्वीचे पिंग, कॅलवे, टेलरमेड, कोब्रा, क्लीव्हलँड यातले कुठलेही नवशिक्यांसाठीचे कॅव्हिटी बॅक तुमच्यासाठी उत्तम आहेत. एवढं सुटं शोधायला त्याला वेळ नसेल तर डब्यातला तयार सेट, कॅलवेचा स्ट्राटा किंवा विल्सनचा प्रोफाइल वगैरे, हे डाव्यांसाठीही येतात, दहा-बारा क्लब आणि बॅग एकदमच. त्यात ड्रायव्हर येईल तो माळ्यावर टाका, मी सांगितलंय म्हणून सांगा.

जुने घेताना बघायचं ते थोडक्यात सांगते. ग्रिप (मूठ) कडक, चकचकीत झाली असेल तर बदलावी लागेल, तो खर्च धरा. शाफ्ट डोळ्यासमोर धरून सरळ आहे का बघा, डोकं हलवून आत काही खुळखुळत नाही ना बघा. वेजच्या खाचा झिजलेल्या असतील तर ते वेज नकोत, बाकी आयर्नवर ओरखडे असले तरी काही बिघडत नाही. ग्रिपची जाडीही बघा, तुम्ही डावे म्हणजे उजव्या हाताने वरती धरणार, मग त्या हाताची मधली दोन बोटं तळव्याला जेमतेम टेकली पाहिजेत. फार रुतत असतील तर ग्रिप बारीक, टेकतच नसतील तर जाड. लांबीची काळजी करू नका, पाच फूट सहाला स्टँडर्ड चालते, फिटिंगवर आत्ता खर्च करू नका, तो स्विंग बसल्यावर. आणि इकडे ऑनलाइन कुठे नवाकोरा नामांकित कंपनीचा पूर्ण सेट अर्ध्याहून कमी किमतीत दिसला तर लांब राहा, गोल्फमध्ये नकली माल भरपूर आहे.

मावसभावाने एअरलाइनला वजनाचं आणि कस्टमला किती किमतीपर्यंत सूट आहे ते निघायच्या आधी विचारावं, बिलं जवळ ठेवावीत, आणि क्लबची डोकी टॉवेलात गुंडाळून बांधावीत, नाहीतर विमानातून उतरल्यावर दोनाचे तीन तुकडे.

ग्लव्हजमध्ये डावऱ्यांची हमखास फसगत होते म्हणून सांगते. पाकिटावर लेफ्ट लिहिलं असेल तर तो डाव्या हातात घालायचा, म्हणजे उजव्या खेळाडूचा. तुम्हाला राइट पाहिजे, उजव्या हातात घालायचा. आमच्या ओळखीच्या एका डावऱ्याने तीन ग्लव्हज उलटे घेतले आणि तिन्ही त्याच्या पार्टनरने वापरले. बॉल साधे टू-पीस (दोन थरांचे) घ्या, किंवा त्याहून बरं, कोर्सवरच्या कॅडींकडे पाण्यातून, झाडीतून काढलेले बॉल स्वस्तात असतात, ते घ्या, भारीतला बॉल झाडीत गेला की माणूस तो शोधण्यात पंधरा मिनिटं घालवतो. कॅडींशी ओळख ठेवाच, कोणता मेंबर सेट बदलतोय हे दुकानदाराच्या आधी त्यांना माहीत असतं, डावा सेट निघाला तर पहिला फोन तुम्हाला यायला पाहिजे. सात क्लबांना पातळ पेन्सिल बॅग पुरते, तुमच्या कंबरेलाही बरी.

पैशाचं म्हणाल तर ४० हजारातले निम्म्याहून जास्त क्लबवर घालवू नका. बाकीचे प्रोंच्या फीला, बॉलच्या बादल्यांना आणि मधूनमधून खऱ्या गवतावर जायला ठेवा. मेंबर नसलात तरी नवी मुंबईत खारघरला सिडकोच्या कोर्सवर पैसे भरून खेळता येतं, डोंगराच्या कुशीत आहे, पावसाळ्यानंतर एकदा जाऊन याच. कॉलरवाला टीशर्ट घाला, जीन्स नको.

राहता राहिल्या वहिनी. त्या हळूच म्हणाल्या म्हणजे त्यांना खरंच खेळायचंय, पुढच्या शनिवारी घेऊन जा. तुमच्या क्लबने त्यांना मारायला लावू नका, त्या उजव्या असतील तर तुमचे डावे क्लब तसेही चालणार नाहीत, आणि बायकांचे क्लब साधारण इंचभर आखूड आणि हलके, लवचिक शाफ्टचे असतात. रेंजवर लेडीजचा ७ नंबर मागा, मिळतो. आणि भाड्याच्या क्लबवर त्यांना दोन-तीन महिने आरामात काढता येतील, उजव्या लोकांची चैन असते.

बॉसना दुखवायचं नसेल तर त्यांना सांगा सर, मी डावा निघालो. यापेक्षा सभ्य नकार नाही, ते स्वतःच हसतील. आणि म्हणा की पटर तेवढा द्या, बायकोसाठी. जुना पटर कधी जुना होत नाही, त्याला फ्लेक्सबिक्सची भानगड नाही, थोडा लांब असला तर खाली धरायचा. मग रात्री सतरंजीवर तुम्ही एका टोकाला डावे आणि वहिनी दुसऱ्या टोकाला उजव्या, मधे फुलपात्र.

मावसभावाला मात्र मेसेज आजच टाका आणि त्यात डावा, लेफ्ट हॅण्डेड, असं दोन्ही भाषांत लिहा. आमच्या दिरांनी दुबईहून त्यांच्या डावऱ्या मुलासाठी सेट आणला होता, बॉक्स उघडला तर उजवा. तो सेट सध्या मी वापरते.